मकाबाईवाले सर

सर पहिल्यांदा आमच्या मेसमध्ये जेवायला आले तवा त्यांनी वरनात थर्मामीटर घातला.

मी पळी हातात धरून उभा. सरांनी शर्टाच्या खिशातनं काचेची नळी काढली, वाटीत बुडवली, डोळे बारीक करून बघितलं अन् म्हनले, "मामा, जीभ भाजेल. थांबू जरा." मग हात मांडीवर ठेवून वरनाकडं बघत बसले. बाजूची पोरं खिदळायला लागली. मला वाटलं, गेलं. आता हा मानूस रोज येनार अन् माझं वरन रोज पेपर देनार.

झालं बी तसंच. सरांचा थर्मामीटर कुठं बी जायचा. टाकीच्या पान्यात, दह्याच्या गाडग्यात, एकदा तर माझ्या काखेत. "मामा, तुमचं तोंड लाल दिसतंय, बघू." मला ताप न्हवता. बायकोचं बोलनं खाऊन आलो होतो, ते नळीत दिसत न्हाई.

लातूरला तवा क्लासचं पेव फुटलं होतं. जिकडं बघावं तिकडं डॉक्टर व्हायला आलेली पोरं, अन् त्यांना घालायला आमच्यासारख्या मेसा. मी चौथी नापास. माझ्या हातचं खाऊन कितीक पोरं डॉक्टर झाली, पर माझी नाडी बघायला एक बी परत आला न्हाई. मेसमध्ये मला सगळे मामा म्हनायचे अन् बायकोला मामी, तसं सर बी म्हनायचे. सर बायलॉजी शिकवायचे. गाव देगलूरकडलं. भाकरी नको असली की ताटावर आडवा हात धरून "लेदू" म्हनायचे. पहिले चार दिवस मला वाटलं लाडू मागून राहिले, ते तेलुगूतलं 'न्हाई' निघालं.

एकटेच होते. लग्न का केलं न्हाई म्हनून मामीनं इचारलं, तर म्हनले, "मामी, मला सांभाळायला सोपं असलेलंच जमतं." तवा आमाला काय मालूम, घरात काय सांभाळून राहिलेत.

क्लासवाल्यांनी एकदा चौकात मोठं बोर्ड लावायचं ठरवलं. सगळे मास्तर हाताची घडी घालून, कोट घालून उभे. सर म्हनले, मी घडी घालनार न्हाई, माझे हात रिकामे लागतात. मग त्यांचा फोटोच न्हाई आला. जागा रिकामी ठेवली, तिथं क्लासचा फोन नंबर टाकला. पोरं सरांना "फोन नंबर सर" म्हनायची. सर बी हसायचे.

त्यांचं एक ठरलेलं बोलनं होतं. कोनी दचकलं, कोनी निकालाला भ्यालं, पाल बघून कोनी वरडलं, की सर म्हनायचे, "आधी बघायचं, मग भ्यायचं. तुम्ही लोक उलटं करता." अन् खुद्द सर कुत्र्याला भ्यायचे. गल्लीत कुत्रं आडवं दिसलं की फिरून मागच्या रस्त्यानं जेवायला येनार. मी एकदा म्हनलं, "सर, आधी बघा की." तर म्हनले, "बघितलंय. म्हणूनच भितो."

आता माझं सांगतो. मी जातिवंत भित्रा. माझी मेस पत्र्याची. शेजारच्यांनी क्लासच्या पोरांसाठी तीन-तीन मजले चढवले, मी पत्रा सोडला न्हाई. लोकं म्हनायची मामा चिकट हाय. चिकट न्हाई बाबा, माझ्या डोक्यावर स्लॅब आला की माझे पाय पान्यासारखे व्हतात. आमचं गाव भूकंपात गेलं. गनपती बुडवून आलो होतो, मी नाचून नाचून तिथंच मैदानात आडवा झालो. थोरला भाऊ शहाना, वेळेवर घरी जाऊन झोपला.

मागून दगडं उपसताना दोन दगडांच्या मधी माझा हात गेला. आत मऊ लागलं, गार लागलं. मला वाटलं भावाचा हात. मी गच्च धरून वढला. तो साप निघाला.

लोकं मागून म्हनली, साप आदल्या दिवशीच बिळं सोडून फिरत होते, मानसालाच कळलं न्हाई. तवापासून दोन गोष्टींनी माझा जीव जातो. डोक्यावर स्लॅब अन् हाताला साप.

अन् सरांची खोली आमच्या शेजारच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, स्लॅबची.

सरांना एकदा ताप आला म्हनून मी डबा घेऊन वर गेलो. उंबऱ्याच्या आत जायचं न्हाई हे माझं ठरलेलं. बाहेरूनच हात लांब केला. समोर टेबलावर काचेची पेटी, तिच्यात नारंगी रंगाचा, लाल पट्ट्याचा साप गुंडाळून ठेवलेला. लई सुबक. म्हनलं, "सर, प्लॅस्टिकचा व्हय?" तर प्लॅस्टिकनं जीभ काढली.

डबा कुठं, मी कुठं. आमटी सगळ्या जिन्यानं खाली आली, तिच्या आधी मी आलो. तापलेले सर चादर गुंडाळून मागनं खाली आले अन् सांडलेल्या आमटीत थर्मामीटर धरून म्हनले, "फार नाही. भाजलं नसेल तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी मला बोलावलं. "मामा, तुम्ही उंबऱ्यावर बसा. ती पेटीत राहील, मी मधे बसतो." ती म्हंजे मकाबाई. परदेशातला साप, कॉर्न स्नेक म्हनतात. पोटावर रंगीत मक्याच्या कनसासारखे चौकोन, म्हनून सरांनी मकाबाई केलं. इख न्हाई. मी म्हनलं, "सर, आपल्याकडं एवढे साप असून बाहेरनं कशाला आनला?" सर म्हनले, "आपले साप पाळणं गुन्हा आहे मामा. ते रानातच बरे. ही पिंजऱ्यातच जन्मलेली, तिचा कागद आहे माझ्याकडं." म्हनलं, सापाजवळ कागद हाय, माझ्या मेसचा अजून न्हाई झाला.

असं करत उंबऱ्यावर बसवून सरांनी मला समदं शिकवलं. मी इचारलं न्हवतं. पर सर शिकवल्याबिगर राहूच शकत न्हवते. पेटीची एक बाजू उबदार, तीस अंशाला, दुसरी गार, पंचवीसला. दोन्हीकडं लपायला एकेक डबा. "तिला काय हवं ते आपण ठरवायचं नाही. दोन्ही द्यायचं, ती निवडते." थंडीत खालची तापायची चटई चालू, ती बी ऊब आपोआप आवरनाऱ्या यंत्रावर बांधलेली, न्हाईतर पोट भाजतं. उन्हाळ्यात चटई बंद, खिडकीला ओलं पोतं. पान्याची वाटी जड पाहिजे, उलटी व्हायला नको. झाकनाच्या चारी क्लिपा लावायच्या, कारन हे जनावर बोटभर फटीतनं निघून जातं. हे सांगितलं त्या दिवशी मी घरी येऊन मोरीचं भोक बोळा घालून बंद केलं.

"हातात कधी घ्यायची?" असं पोरानं इचारावं तसं सर सोताच इचारायचे अन् सोताच सांगायचे. "खाल्ल्यावर दोन दिवस नाही. उलटी करते. आणि वरून हात न्यायचा नाही, वरून घार येते. बाजूनं, हळू, दोन्ही हातांनी पोटाखाली आधार." मी म्हनलं, "सर, माझ्या हाताची तिनं फिकीरच करू नये."

खायला उंदीर. गोठवलेले, हैदराबादहून यायचे. सरांच्या खोलीत त्यासाठी लहानसा फ्रिज होता. कोमट पान्यात ठेवून नरम करायचे अन् चिमट्यानं पुढं धरायचे. जिता घालायचा न्हाई. "जिवंत उंदीर सापाला चावतो मामा." मला ते ऐकून लई बरं वाटलं. म्हनलं, कोनाला तरी ही भिते.

मग क्लासवाल्यांनी नांदेडला शाखा काढली अन् सरांना तिकडं धाडलं. विष्णुपुरीच्या बाजूला आनखी दोन मास्तरांसंगं एक खोली. ते मास्तर म्हनले, साप आला तर आम्ही गेलो. सर माझ्यापुढं येऊन उभे राहिले. लातूरची खोली सोडली न्हवती, मकाबाई तिथंच. खिशातला थर्मामीटर काढला अन् माझ्या खिशात ठेवला.

"सर, मी मरन."

"रविवारी मी येतो. उंदीर मीच देईन. तुम्ही फक्त पाणी बदला आणि दोन्ही बाजूचा पारा बघा. मामा, मला दुसरं कोणी नाही."

मामी म्हनली, "घ्या. लई शहाने हाव ना, लोकाला न्हाई म्हनता येत न्हाई."

तो उन्हाळा म्हंजे लातूरला रेल्वेनं पानी आलं तो. टँकरपुढं घागरींची रांग, अन् मी वाटीभर पानी लपवून वर न्यायचो. मामी म्हनायची, "पोरांना ताटं धुवायला पानी न्हाई, अन् तुमी सापाची आंघोळ करताव." पोरांना सांगितलं होतं, सरांच्या खोलीत मासे हायत. मेसच्या शेजारी साप हाय म्हनून कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी ताट वाढायला एक गिऱ्हाइक राहिलं नसतं.

माझं काम कसं चालायचं ते ऐका. उंबऱ्यावर उभं राहायचं, वर स्लॅबकडं बघायचं, मग पेटीकडं बघायचं, मग देवाचं नाव घेऊन आत पळायचं, वाटी बदलायची, पारा वाचायचा, क्लिपा लावायच्या, बाहेर पळायचं. बाहेर आलो की कळायचं पारा किती होता तेच इसरलो. परत आत.

एक रविवार सरांचा टेस्टमुळं हुकला. त्याच आठवड्यात मकाबाईचं बिनसलं. डब्यातनं बाहेर येईना. रंग उतरला. डोळ्यांत दूध घातल्यावानी निळसर झाली. मला वाटलं म्हातारी झाली, मोतीबिंदू झाला. सरांना फोन लावला, तर क्लासात फोन बंद. अन् मग एक दिवस दुपारच्या जेवनाच्या वक्ताला मी पानी घेऊन गेलो, तर ती पेटीत गरागरा फिरून राहिली. काचेवर नाक घासायली. झाकनाला डोकं लावून वर ढकलायली. थांबायचं नावच न्हाई.

साप बाहेर पडायला बघतो म्हंजे काय, हे आमच्या गावच्या मानसाला सांगावं लागत न्हाई.

मी जिन्यावरूनच बोंबललो, "भूकंप! भूकंप यायलाय! बाहेर पळा!"

दुसऱ्या गावात मला येडं म्हनले असते. लातूरला कोनी इचारत न्हाई. सगळी गल्ली एका दमात रस्त्यावर. ताटं सोडून पोरं, अर्धी दाढी केलेला एक जन, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. अन् मी? मी जिन्याच्या मधी होतो, खाली पळायचं सोडून वर पळालो. का पळालो ते मला इचारू नका. आत शिरलो, ती जड पेटी छातीला धरली अन् खाली आनून भर रस्त्यात ठेवली.

मामी माझ्या पुढं उभी. हाताला पीठ. "तुमाला साप दिसला. मी तव्यापुढं बसलेली न्हाई दिसले."

तवर पोरांना पेटी दिसली. "मामा, हे मासे?" अन् गोल रिंगन झालं, मधी मी अन् मकाबाई. एक आजीबाई लांबूनच नमस्कार करायली. भूकंप यायची वाट बघत सगळे उभे. जमीन हालंना. कोनीतरी म्हनलं, "मामा, किती वाजता हाय?" लोकं हसायला लागली. मी बी हसलो. मला सवय हाय.

हसता हसता पेटीकडं बघितलं. लातूरचं दुपारचं ऊन, अन् काचेची पेटी. काच हाताला चटका द्यायली. मकाबाई पिरगळून उताना झाली होती. तोंड उघडं. मी एक क्लिप काढून थर्मामीटर आत धरला, पारा सरसर वर. काय आकडा होता ते बघायचं धाडस झालं न्हाई.

तिला भूकंपातनं वाचवून मी उन्हात भाजायला ठेवलं होतं.

पोरांनी पेटी उचलून पत्र्याखाली सावलीला आनली. एकानं रसवंतीवरचा बर्फ आनला. एकानं क्लासच्या हापिसात फोन करून सरांना वर्गातनं बोलावून घेतलं अन् फोन माझ्या कानाला लावला.

"बर्फ नको!" सर पहिल्यांदाच माझ्यावर वरडले. "झटकन गार केलं तर मरेल. ताटात टाकीचं साधं पाणी घ्या, बोटभर. तिला काढा आणि त्यात ठेवा. डोकं वर राहू द्या. मामा, पेटी तापलेली आहे, तिला आधी बाहेर काढा. हातानं काढा."

मी म्हनलं, "सर, दुसरं कोनी..."

"तिला तुमचा वास माहीत आहे. दुसऱ्यानं धरलं तर झटापट करेल. तेवढी ताकद तिच्यात नाही आता."

झाकन काढलं. हात आत घातला. अन् माझा हात पेटीत न्हवताच. तो त्या दोन दगडांच्या मधी होता. बोटं वळंनात. सगळी पोरं बघून राहिली, कोनी हसंना. फोनमध्ये सर "मामा, मामा" करून राहिले.

मामी बाजूला येऊन बसली. तिला समदं ठाऊक. हळूच म्हनली, "अहो, तो हात न्हाई. साप हाय. साप समजूनच धरा."

मी धरला. बाजूनं, पोटाखालनं, दोन्ही हातांनी. गार न्हवती ती. तापल्या तव्याच्या कडंसारखी लागली. ताटात ठेवली, बोटावर तिचं डोकं धरलं, अन् मी तसाच बसून राहिलो. लई येळानं तिनं तोंड मिटलं. मग तिची जीभ माझ्या अंगठ्याला लागली.

दिवस मावळायच्या आत सर आले. कुत्र्यांच्या रस्त्यानंच आले, आडवाटेनं न्हाई. तिला बघितलं, मग मला बघितलं. मी म्हनलं, "सर, शिव्या द्या." सर म्हनले, "डोळे निळे झाले म्हणजे ती कात टाकणार. खात नाही, लपते, मग नाक घासत फिरते. दर वर्षी पोरांना सांगतो. तुम्हालाच सांगायचं राहिलं." मग मामीनं त्यांना दगडातल्या हाताचं सांगितलं. मी कवाच सांगितलं न्हवतं. सर ऐकत बसले. ताट वाढलं, त्यांनी वरनात काय घातलं न्हाई, तसंच कढत पिऊन टाकलं. "आधी बघा, मग भ्या" असं त्यानंतर ते माझ्यापुढं कवाच म्हनले न्हाईत.

पर खरी भीती पुढंच होती. मकाबाईनं कात टाकली ती चिंध्या चिंध्या. कोरडी हवा, त्यात माझं ऊन. सापाला पापनी नसते, डोळ्यावर काचेवानी चष्मा असतो, तो बी कातीबरोबर निघायला पाहिजे. तिचे दोन्ही चष्मे डोळ्यावरच राहिले. मी नखानं काढू म्हनलं, तर सरांनी माझा हात धरला. "डोळा फुटेल. पुढच्या कातीला निघतील, हवा ओली ठेवली तर. नाही निघाले तर थर चढत जातात, डोळा जातो." अन् सर नांदेडला गेले. त्यांना जावंच लागलं. तिचे डोळे माझ्याकडं राहिले.

आइस्क्रीमच्या डब्याला तिला शिरायपुरतं भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केल्या, आत ओलं फडकं. फडकं वाळू द्यायचं न्हाई, चिंब बी ठेवायचं न्हाई, न्हाईतर कातडीला फोड येतात. पारा बघायचा, फडकं दाबून बघायचं. मामी सोताच टँकरचं पानी एका तांब्यात वेगळं काढून ठेवायची. "न्या," म्हनायची, "तुमच्या सवतीला." मेस काय बंद पडली न्हाई. उलट पोरं जेवून झाल्यावर इचारायची, "मामा, दिसतंय का तिला?" अन् मी सांगायचो, "मला बघून पळत न्हाई, म्हंजे दिसत नसंल."

सर आता हैदराबादला असतात. मकाबाई बी तिकडंच. फोन आला की पहिलं इचारतात, "लातूरचा पारा किती?" पर मला सर आठवतात ते त्या दिवसाचे, ज्या दिवशी ते समोर न्हवतेच.

पुढची कात आली तवा मकाबाईचे डोळे परत निळे झाले, परत निवळले. मग एका सकाळी मी पानी बदलायला गेलो तर ती ओल्या डब्याच्या भोकातनं नाक घासत बाहेर निघायली. व्हटापासनं कातडी सुटली, पायमोजा उलटा काढावा तशी मागं मागं जायली. मी बघत बसलो. ती थांबली की मी थांबायचो, श्वास सुद्धा. शेपटीचं टोक निघालं अन् पेटीत दोन मकाबाया झाल्या, एक चकचकीत, एक कागदाची.

सरांना फोन लावला. वर्गात होते, तरी उचलला. आता ते फोन बंद ठेवत न्हवते.

"मामा, कातीचं तोंड शोधा. उजेडाला धरा. दोन गोल भिंगं दिसतात का?"

कात दोन बोटांत उचलली. खिडकीपुढं धरली. "एक दिसतंय."

फोनात नुसता पोरांचा गलका.

"सर, दुसरं घडीत होतं. दिसलं. दोन्ही हायत."

"डॉक्टर लोक," सर वर्गाला म्हनले, "पाच मिनिटं काहीतरी वाचा." मग बाहेर आल्याचा आवाज, मग नाक शिंकरल्याचा. मग म्हनले, "मामा, कधीपासून बसलात तिथं?"

"आता सकाळधरनं असंल."

"कुठं बसलात?"

"तुमच्या खोलीत की. पेटीपुढं. खाली फरशीवर."

अन् मग माझ्या ध्यानात आलं. मी मान वर केली. पांढरा स्लॅब, पंख्याची आकडी, एका कोपऱ्यात बारीक चीर.

फोन तिथंच टाकला, जिन्यावरनं पळत सुटलो, खाली येऊन मामीच्या पिठाच्या परातीत पाय दिला.

"काय झालं? आंधळी झाली का ती?"

"न्हाई. दिसतंय तिला. दोन्ही डोळ्यांनी."

"मग तुमी का असे कापायलाव?"

"मी लई येळ आत बसलो होतो गं," म्हनलं. "पार इसरूनच गेलो होतो."